ह्यांचा गुडघा आणि ह्यांचा दम

अँब्युलन्समधून आलेल्या मुलीने ह्यांच्या बोटाला चिमटा लावला, त्यावरचा आकडा पाहिला, चिमटा काढला आणि दुसऱ्या बोटाला लावला. मग बॅगेतून दुसरा चिमटा काढून तो लावला. तिला वाटलं, यंत्र बिघडलंय. कारण तिच्यासमोर खुर्चीत बसलेला म्हातारा न अडखळता बोलत होता आणि तिचा चिमटा सांगत होता की ह्या माणसाच्या रक्तात हवा उरलेली नाही. दुसऱ्या चिमट्यानेही तेच सांगितलं. तेव्हा तिने ह्यांचं नख दाबून पाहिलं. जांभळं खाल्ल्यावर ओठ होतात तसे ह्यांचे ओठ झाले होते. आम्ही तीन दिवस त्याच खोलीत वावरत होतो आणि ते आम्हाला तिने वाकून बघितल्यावर दिसलं.

"तिला सांग, मला काही झालेलं नाही," हे सुनेला म्हणाले. "गुडघा धरलाय, बाकी ठणठणीत आहे."

सुनेने ते सांगितलं नाही. मुलीबरोबर आलेला माणूस तोवर चाकाची खुर्ची घेऊन आला होता. दोघांच्या अंगावर प्लॅस्टिकचे झगे, तोंडावर मास्क, त्यामुळे ते काय बोलतात ते सुनेलाही नीट कळत नव्हतं. एवढं कळलं की बरोबर कोणालाही येता येणार नाही. मुलगा वरच्या खोलीत तापाने पडला होता. तो मोजे घालूनच जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिला. मी ह्यांचा चष्मा, दातांची डबी आणि गुडघ्याला घालायचा पट्टा पिशवीत भरला. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या घरातली बाई मोठ्या काचेमागे उभी होती. तिने हात वर केला.

खुर्ची उंबऱ्यावर आली तेव्हा हे मान वळवून मला म्हणाले, "दार लावून घे, गार वारा येतोय."

मी दार लावलं.

हे म्हणजे माझे यजमान. आयुष्यभर कबड्डी खेळले, आणि खेळायचं थांबल्यावर आयुष्यभर लंगडले. अलिबागच्या बाजूला गावागावात संघ असतो, तसा ह्यांच्या गावात होता. तिथून एका कारखान्याच्या संघात घेतलं आणि त्यापायी नोकरी लागली. मला बघायला आले तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता. माझ्या वडिलांनी विचारलं, हात मोडलाय का. ह्यांचे काका म्हणाले, मोडला नाही, खांदा उतरला होता, आता बसवलाय. माझी आत्या माजघरातून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मुलगी बघायला आलाय का दवाखान्यातून पळून आलाय?" हे हसले. समोरचा एक दात तुटका होता, तोही तेव्हाच दिसला. वडिलांनी कायमची नोकरी बघितली आणि होकार दिला.

तो खांदा पुढे इतक्या वेळा उतरला की हे स्वतःच दाराच्या चौकटीला टेकून, एक हिसडा देऊन बसवायचे. नाकाचं हाड दोनदा मोडलं. उजव्या हाताची करंगळी एका सामन्यात मागे वळली, ती सरळ झालीच नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा हाडवैद्याने पट्ट्या बांधून घरी पाठवलं आणि महिनाभर मी ह्यांना अंघोळ घातली. थंडीचे महिने म्हणजे सामन्यांचे दिवस. पहाटे घरी यायचे ते तांबडी माती जखमांत बसलेली घेऊन. मी पाणी तापवायचे, कोपर-गुडघे घासून माती काढायचे, आंबेहळद उगाळून लेप लावायचे. दिवस उजाडला की कारखान्यातले लोक दारात येऊन सांगायचे, वहिनी, काल काय खेळला आमचा वाघ. वाघाची चड्डी मी धुवायचे. वाघाला किती लागलंय ते मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

अंगाने हे काही दांडगे नव्हते. उंचीही बेताची. सात जणांच्या गोटात एकट्याने शिरायचं, हात-पाय लावून परत मध्यरेषेवर यायचं, हे काम ह्यांचं. त्यांना कोणी घोट्याला धरलं की बाकीचे वरून पडायचे. ताकदीने सुटणं शक्य नव्हतं, म्हणून हे वेळ काढायचे. आणि वेळ काढायला लागतो दम. कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, मधे श्वास घ्यायचा नाही, दम तुटला की बाद, हे कोणालाही माहीत आहे. ह्यांची खुबी अशी की हे मधे श्वास घ्यायचे आणि पंचाला कळायचं नाही. नाकातून एक घोट आत ओढायचे, तोंडातला आवाज चालूच. पंच कानाशी उभा असला तरी त्याला अखंड कबड्डी ऐकू यायची. घरी एकदा मला करून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकलं. काही कळलं नाही. मग म्हणाले, आता बरगडीवर हात ठेव. हात ठेवल्यावर कळलं. गवयाला आपल्या तानेचं वाटावं तसं कौतुक होतं ह्यांना त्या गोष्टीचं.

खोटं बोलायला मात्र हे नंतर शिकले. राज्याच्या संघाची निवड होती, शिबिराला बोलावलं होतं. जायच्या आधीच गुडघा मुरगळला होता. तिथल्या प्रशिक्षकाने विचारलं, गुडघा कसा आहे. ह्यांनी सांगितलं, थोडी सूज आहे. त्याच संध्याकाळच्या एसटीने घरी पाठवलं. त्यांच्या जागी जो मुलगा घेतला तो पुढे बरीच वर्षं राज्याकडून खेळला. हे घरी आले, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि जेवले. मला एवढंच म्हणाले की खरं सांगितलं म्हणून घरी बसवलं.

त्यानंतर स्वतःच्या शरीराबद्दल ह्यांनी कोणाला खरं सांगितलं नाही. प्रशिक्षकाला नाही, कारखान्याच्या डॉक्टरला नाही, मला नाही. एक अख्खी स्पर्धा बरगडी मोडलेली असताना खेळले. माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छातीला घट्ट गुंडाळली होती. मला म्हणाले, पाठ धरलीय. बरगडी मोडलेली असताना दीर्घ श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही, हसता येत नाही. हे त्या छातीने कबड्डी कबड्डी म्हणत होते आणि बाहेर कोणाला पत्ता नव्हता. असं दहा-बारा वर्षं चाललं. शेवटी एका अंतिम सामन्यात मध्यरेषेवर हात टेकला, गुण मिळाला आणि उठता येईना. गुडघा आतून फाटला होता. टाळ्या वाजत असताना चौघांनी उचलून बाहेर आणलं. तिथे खेळ संपला. नोकरी निवृत्तीपर्यंत चालली, गुडघा कधीच बरा झाला नाही.

मुलगा इथे परदेशात, फेल्डहोवन नावाच्या गावात इंजिनियर आहे. आम्ही हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी आलो होतो आणि उन्हाळ्याच्या आत परत जाणार होतो. ह्यांना इथलं बरं वाटत होतं. गार हवेत गुडघा दुखायचा, पण सायकलींचे सपाट रस्ते आवडायचे. काठी घेऊन कडेकडेने चालायचे, आणि सायकलवाल्यांनी घंटी वाजवली की त्यांनाच हात करायचे. फेब्रुवारीत इथे कार्निवल असतो. माणसं रंगीबेरंगी कपडे करून मिरवणूक काढतात, बिअर पितात, गळ्यात गळे घालतात. मुलाने ह्यांना बघायला नेलं. नंतर सगळे म्हणाले की ह्या भागात रोग तिथूनच पसरला. आमच्या घरात कुठून आला ते कोणाला माहीत नाही. दुकानातूनही आला असेल. मुलगा आधी आजारी पडला, मग मला दोन दिवस कणकण आली, मग ह्यांना ताप चढला. सून तेवढी पायावर उभी होती. तोवर विमानं बंद झाली होती.

इथे कोणीही उठून दवाखान्यात जात नाही. घरचा डॉक्टर असतो, त्याला हाउसआर्ट्स म्हणतात, आधी त्याला फोन करायचा. त्या दिवसांत तर तोही कोणाला तपासायला बोलवत नव्हता, फोनवरच विचारायचा. इस्पितळं भरली होती. एकदा आत गेलं की घरच्यांना भेटता येत नाही, हे सून रोज फोनवर कोणाकोणाला सांगायची. हे खुर्चीत बसून ऐकायचे.

एका दुपारी मला म्हणाले, "तिथे भाषा येत नाही, कोण ओळखीचं नाही. मला नाही जायचं."

मी म्हटलं, कोण नेतंय तुम्हाला.

ह्यांच्या जुन्या खेळाडूंचा फोनवर एक गट होता. तिथे कोणीतरी निरोप पाठवला की श्वास रोखून धरा, दहा आकडे होईपर्यंत खोकला आला नाही तर तुम्हाला करोना नाही. तो निरोप तेव्हा सगळीकडे फिरत होता, शिकलेले लोकही पाठवत होते. ह्यांनी श्वास रोखला. दहा काय, त्याच्या पुष्कळ पुढे गेले. मग सुनेकडून व्हिडिओ काढून घेतला. त्यात एका दमात कबड्डी कबड्डी म्हटलं आणि गटावर टाकलं. लगेच उत्तरं आली. एकाने लिहिलं, करोनाची पकड सुटली. दुसऱ्याने लिहिलं, म्हाताऱ्या, अजून चढाईला जाशील. हे दिवसभर ते वाचत होते. आम्हालाही बरं वाटलं. ज्याला श्वास पुरत नाही तो असं म्हणू शकेल असं कोणाला वाटणार?

सुनेने हाउसआर्ट्सला फोन केला तेव्हा त्याने काय काय विचारलं ते ती आम्हाला सांगत गेली. ताप किती, खातात का, पाणी पितात का. मग म्हणाला, बोलताना धाप लागते का, वाक्य पुरं करता येतं का. सुनेने फोन ह्यांच्यापुढे धरला. ती म्हणाली, बाबा, काहीतरी बोला, डॉक्टरांना ऐकायचंय. ह्यांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. आपलं गाव, आपला कारखाना, किती सामने खेळलो, सगळं मराठीत, न थांबता. शेवटी कबड्डी कबड्डीही म्हणून दाखवलं. पलीकडे डॉक्टर हसल्याचं मला ऐकू आलं. त्याने सांगितलं की आवाज उत्तम आहे, घरीच राहू दे, तापाची गोळी द्या, धाप लागली तर लगेच कळवा. सूनही हसली. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला, पुन्हा तसंच झालं.

फोन ठेवल्यावर हे डोळे मिटून बसायचे. मला वाटायचं, अशक्तपणा आहे.

त्यांनी रात्री आडवं होणं सोडलं. खुर्चीत बसूनच झोपायचे. विचारलं तर म्हणायचे, गुडघा वाकवून झोपलं की ठणकतो. इथले जिने उभे असतात, शिडीसारखे. अंघोळीची खोली वर. हे वर जायचं टाळायला लागले, गेले तर उतरताना पायरीवर बसून बसून उतरायचे आणि मधे थांबायचे. मुलाने खोलीतून हाक मारून विचारलं, बाबा, काय होतंय. हे म्हणाले, गुडघा. तो गुडघा आम्ही तीस-पस्तीस वर्षं बघत होतो. त्या गुडघ्याने आम्हाला लोकांच्या लग्नांना उशीर केला होता, देवळाच्या पायऱ्यांवर बसवलं होतं. गुडघा म्हटलं की पुढे कोणी विचारायचं नाही, अशी आमच्या घराला सवय होती. ह्यांना ते माहीत होतं.

तिसऱ्यांदा फोन सुनेने स्वतःहून केला. ह्यांनी सकाळचा चहा तसाच ठेवला होता म्हणून. ह्या वेळी डॉक्टर नव्हता, त्याची मदतनीस होती. तिने ह्यांना बोलायला लावलं नाही. ती म्हणाली, त्यांच्या छातीकडे बघ आणि एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोज. सून घड्याळ घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिली. ह्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली.

"बाबा, शाल काढा."

"थंडी वाजतेय."

"एकच मिनिट."

"अगं, सांगितलं ना, थंडी आहे. काय नाटक लावलंय तुम्ही बायकांनी सकाळी सकाळी?"

एवढं वाक्य ते सबंध बोलले. सुनेने शाल ओढून काढली. ही पुण्याची मुलगी, सासऱ्यापुढे कधी मोठ्याने बोललेली नाही. शाल निघाली तेव्हा दिसलं की गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जातोय आणि पोट भात्यासारखं चाललंय. तिने मोजणं अर्ध्यावर सोडलं, फोन कानाला लावून दुसऱ्या खोलीत गेली. वीस मिनिटांत अँब्युलन्स दारात होती.

इस्पितळात ह्यांना नाकाला ऑक्सिजन लावला, मग मोठा मास्क लावला. दोन दिवसांनी तिथली जागा संपली आणि ह्यांना उत्तरेकडच्या एका शहरात हलवलं, गाडीने अडीच तास लांब. पोचल्यावर आम्हाला कळवलं. तिथल्या डॉक्टरणीने मुलाला फोन केला. ती म्हणाली की ह्या वयाच्या माणसाला नळी घालून यंत्रावर ठेवलं तर निभावेलच असं नाही, काही घरचे लोक नको म्हणतात, तुमचं काय म्हणणं आहे. मुलाने सांगितलं की वडील खेळाडू होते, शरीर काटक आहे. तिने विचारलं, कोणता खेळ. मुलगा तापात होता, त्याला धड सांगता येईना. सुनेने फोन घेऊन सांगितलं. शेवटी यंत्रावर ठेवायचं ठरलं.

त्याआधी एकदा बोलून घ्या म्हणून तिथल्या नर्सने फोन लावून ह्यांच्यासमोर धरला. पडद्यावर मास्क आणि डोळे दिसत होते. सून आणि मुलगा बोलले. मग फोन माझ्याकडे आला.

"झोपवणार आहेत म्हणे," हे म्हणाले. आता एकेक शब्द सुटा येत होता.

"मग झोपा."

"तुझा ताप?"

"गेला."

 मग म्हणाले, "त्या डॉक्टरला बोल लावू नका. त्याला नाही कळलं. कोणालाच नाही कळलं."

ते सांगताना डोळे हसत होते. ह्या वयात, ह्या अवस्थेत, त्यांना त्याचं कौतुक वाटत होतं. मला राग आला.

"पंचाला फसवलंत," मी म्हटलं. "गुण कोणाला मिळाला?"

त्यांना खोकला आला आणि नर्सने फोन बाजूला घेतला. पुन्हा समोर धरला तेव्हा म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर आधीच आणून टाकलं असतं इथे एकट्याला."

"आता कुठे आहात?"

"हं," म्हणाले. मग म्हणाले, "सुनेला म्हणावं, शाल ओढली ते बरं केलं."

त्यानंतर फोन बंद झाला.

यंत्रावर ठेवलं त्याच आठवड्यात सूनही तापाने पडली. मला आता काही होत नव्हतं, तेव्हा मी भात, वरण, पेज करून दोघांच्या दारात ठेवायचे. डॉक्टरीण रोज दुपारी फोन करायची. पालथं झोपवलंय म्हणायची. पालथं झोपवलं की फुप्फुसात हवा शिरते. एक दिवस जरा बरं आहे म्हणायची, दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचं काहीतरी निघायचं. सून पलंगावरून ऐकायची आणि मला मराठीत सांगायची. तिलाही सगळे शब्द माहीत नव्हते. कोणाला काही वाटायला वेळ नव्हता. मी आंबेहळद आणलेली नव्हती आणि आणली असती तरी ती लावायची कुठे होती? तिथे मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि ती गोष्ट मला नवी होती.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीण म्हणाली की आता उपयोग नाही, यंत्र काढायला हवं. घरातल्या एकाला येऊ देतो, झगा घालून. मुलगा गेला. परत आल्यावर त्याने मला एवढंच सांगितलं की करंगळी वाकडी होती म्हणून ओळखलं, तोंडावर सूज होती.

अग्नी द्यायला मोजकी माणसं जाऊ दिली. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. मंत्र मुलाने फोनवरून लावले. गावी जुन्या खेळाडूंनी नाक्यावर फलक लावला, त्याचा फोटो आला. तरुणपणचा ह्यांचा फोटो, मांडीवर शड्डू ठोकताना, आणि खाली लिहिलं होतं, शेवटच्या श्वासापर्यंत झुंजलेला लढवय्या. कितीतरी लोकांनी फोन करून तेच सांगितलं, की झुंजले. मी हो म्हणत गेले. कोणी झुंजलं नाही. त्यांना झोपवून पालथं घातलं होतं आणि ते उठले नाहीत. झुंजायचे ते दिवस खुर्चीत गेले, आमच्याशी आणि डॉक्टरशी झुंजण्यात.

हाउसआर्ट्सचाही फोन आला. तरुण माणूस आहे, सायकलवरून फिरतो. त्याने सुनेला विचारलं की त्यांचा आवाज तसा कसा होता, मला समजलं नाही. सुनेने त्याला दम म्हणजे काय, श्वास चोरणं म्हणजे काय ते इंग्रजीत सांगितलं. बराच वेळ लागला. तो मग माफ करा म्हणाला. सुनेने माझ्याकडे बघितलं, मला काही म्हणायचंय का म्हणून. मला त्याला काही म्हणायचं नव्हतं. त्याने जे ऐकलं ते तसंच ऐकू येत होतं.

मुलाला त्यानंतर कितीतरी महिने कशाचाही वास येत नव्हता. दूध करपलं तरी त्याला कळायचं नाही. सून जिना चढताना अजून मधे थांबते. मी आयुष्यात कधी पळालेले नाही, कोणता खेळ खेळलेले नाही, मला दोन दिवस कणकण आली आणि गेली.

त्या घरात आम्ही चौघं होतो आणि चौघांनाही तो आजार झाला. मुलगा, सून आणि मी वाचलो. हे वाचले नाहीत.